निनावी हरकत

रविवार, १९ ऑक्टोबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही दोघंही बरे असाल.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. परवा पट्टी काढली, तर तिला पहिलं काय दिसलं असेल? छताच्या कोपऱ्यातलं जाळं. "हे इतकी वर्षं असंच होतं का गं?" म्हणाली. मी म्हटलं, तुला दिसत नव्हतं तोवर मलाही झाडायची घाई नव्हती. हसली. आता दिवसभर घरात फिरून काय काय मळलंय ते मला सांगत असते. डावा डोळा थंडी सरल्यावर करू म्हणतात डॉक्टर.

तुझा फोन आला होता तिला. नंतर तिने मला सांगितलं, "बाळ विचारत होता, ताई रागावली का म्हणून." मी भांडी विसळत होते, नळ चालू होता, ऐकूच आलं नाही असं केलं. मग तिने पत्र लिही म्हणून पिच्छा पुरवला. तिचं म्हणणं, फोनवर तुम्ही दोघं "बरं आहे, ठेवतो" म्हणून सुटता, पत्रात माणसाला पळता येत नाही. म्हणून बसले आहे लिहायला.

दवाखान्यात गर्दी नेहमीचीच. हवा गार झाली की गल्लीमागच्या शिशाच्या भट्टीचा धूर खाली बसतो आणि पोटदुखीची पोरं वाढतात. नवी डॉक्टरीण आली आहे. चांगली आहे, तरुण आहे, अजून चिडते. मला म्हणाली, "नर्सताई, तुम्ही इतक्या शांत कशा राहता?" मी म्हटलं, "बाई, माझा राग निवृत्तीला आलाय. माझ्याबरोबरच घरी जाईल." भट्टीला नवी चिमणी बांधली आहे, आधीपेक्षा उंच. धूर आता आपल्या गल्लीत कमी येतो, रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीत जातो. मालकाने त्याचा छोटासा समारंभ केला.

तुझ्या भाषणाचं पेपरात आलं होतं. शेजारच्या मास्तरांनी आईला वाचून दाखवलं. तिने मला विचारलं, "तू तर तिथेच होतीस. कसा बोलला गं?" मी म्हटलं, "एकदासुद्धा अडखळला नाही." खूश झाली. मी खोटं काही बोलले नाही.

इथवर लिहून उगाच पेन खाली ठेवलं, चहा करून आले. पुढचं लिहायचं टाळते आहे हे माझं मलाच कळतं आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी ओळीने लिहिणार आहे. तुला काय माहीत आहे आणि मला काय माहीत आहे, ते एकदा दोघांच्या नजरेसमोर एकाच कागदावर असू दे.

आपली समिती शिंपीणबाईंच्या दुकानात सुरू झाली, तिच्या मशीनच्या आजूबाजूला, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून. जुन्या बॅटऱ्या जहाजाने परदेशातून येतात, आपल्या गल्लीच्या पाठीमागे फोडतात, आतलं शिसं वितळवतात, आणि ते धुरातून, धुळीतून आपल्या पोरांच्या रक्तात उतरतं. एवढीच आमची गोष्ट. शिंपीणबाईंची धाकटी मुलगी तू पाहिली आहेस. बडबडीने दुकान डोक्यावर घ्यायची. तिला झटके यायला लागले, मग थांबले, पण थांबताना मुलीतलं काहीतरी घेऊन गेले. आता ती रोज सकाळी कुठला बूट कुठल्या पायातला ते विचारत बसते. तिची आई न चिडता सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सगळ्या देशांची सरकारं मिळून या बॅटऱ्यांचा करार करणार, कुणी कुणाकडे पाठवायच्या, भट्टीजवळ राहणाऱ्यांचं काय, हे ठरवणार, आणि परिषद या वेळी आपल्याच देशात भरणार, हे आम्हाला तूच सांगितलंस. आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचा प्रमुख तू होणार होतास, फोनवर तुझा आवाज किती खुलला होता! आमच्यासारख्या संस्थांना निरीक्षक म्हणून आत बसता येतं, शेवटी वेळ उरला तर थोडं बोलताही येतं, हेही तूच सांगितलंस. अर्ज कसा भरायचा तेही. "उद्देशात भट्टी बंद करा असं लिहू नका ताई, आरोग्याचं लिहा." आम्ही आरोग्याचं लिहिलं, खाली अध्यक्ष म्हणून मी सही केली.

शिंपीणबाईंनी भाषण पाठ केलं. शिलाई मारता मारता म्हणायच्या. गिऱ्हाइकं मापं द्यायला आली की त्यांनाही ऐकवायच्या. अर्ध्या गल्लीला ते तोंडपाठ झालं होतं.

आणि निरीक्षकांची यादी लागली तेव्हा तिच्यात आमचं नाव नव्हतं.

मी परिषदेच्या कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, एका सदस्य देशाने तुमच्या नावाला हरकत घेतली आहे. कुठल्या? ते सांगता येत नाही. कारण काय? ते सांगायचं त्यांच्यावर बंधन नाही. दाद कुणाकडे मागायची? तशी सोय नाही. प्रत्येक उत्तरानंतर "आणखी काही मदत करू शकते का?" असं विचारत होती.

आमच्या सभेत बसचालक भाऊ म्हणाले, "बघा, आपली कीर्ती परदेशात पोचली. आपला नगरसेवक आपल्याला ओळखत नाही, पण कुठलासा देश आपल्याला घाबरतो!" सगळे हसले. मग सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की हे काम सगळ्यात जास्त बॅटऱ्या पाठवणाऱ्या त्या श्रीमंत देशाचंच. त्या देशाला आम्ही महिनाभर येता-जाता शिव्या घातल्या. आता त्याची माफी कशी मागायची, पत्ता नाही.

मी तुला विचारलं होतं. तुला आठवतं का, तू काय म्हणालास? "ताई, ते कुणालाच कळत नाही. नियमच तसा आहे. मनाला लावून घेऊ नकोस." आणि लगेच विषय बदलून आईच्या डोळ्याचं विचारलंस. डोळ्याचा डॉक्टरही तूच शोधून दिलास. तेव्हा मला वाटलं, किती जीव आहे याचा घरावर.

आई हाक मारते आहे. उठते. उरलेलं उद्या.

सोमवार

आज दवाखान्यातून लवकर आले. आई पलीकडे रेडिओ ऐकते आहे.

परिषदेला मी आणि शिंपीणबाई दोघी आलो, ते दारापाशी उभं राहून पत्रकं वाटायला. तेवढी परवानगी होती: रस्त्याच्या पलीकडे, लोखंडी कठड्याच्या आत, घोषणा न देता. तू स्टेशनवर घ्यायला आलास. शिंपीणबाईंची पिशवी तू स्वतः उचललीस. त्या केवढ्या संकोचल्या! मला कानात म्हणाल्या, "एवढा मोठा साहेब, पण गर्व नाही हो." तू आमच्यासाठी खोली ठरवून ठेवली होतीस, स्वच्छ, खिडकीतून झाडं दिसणारी. टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवायलाही विसरला नाहीस.

आणि मग खिशातून तो पास काढलास. निळी फीत, माझा फोटो, खाली "शिष्टमंडळ प्रमुखांचे कुटुंबीय".

"एकच मिळाला," म्हणालास. "गॅलरीत बसता येईल. बोलता नाही येणार. पण आत तर येशील."

मी शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा ताई. एकीने तरी बघून या आत काय असतं ते. मी पत्रकं वाटते."

तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं की काय, हे अजून मला कळलेलं नाही. तो विचार मी दवाखान्यात, रस्त्यात, आईच्या डोळ्यात थेंब घालताना करते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. पण आपल्या भावाने प्रेमाने पुढे केलेल्या वस्तूत खोट असेल, असं कुठली बहीण धरून चालते?

आत काय असतं ते मी पाहिलं. गालिचे इतके जाड की पावलांचा आवाज येत नाही. भिंतींवर हसणाऱ्या पोरांचे मोठे मोठे फोटो, आपल्या पोरांसारखीच पोरं, फक्त तब्येतीने बरी. जिकडेतिकडे कॉफी. निरीक्षकांसाठी सभागृहात मागच्या दोन रांगा होत्या. तिथे कोण बसतं ते बघावं म्हणून मी दाराशी घुटमळले, तर खांद्यावर थाप पडली.

आपल्या भट्टीचा मालक.

गळ्यात पास. निरीक्षक. "धातू पुनर्वापर उद्योग संघटना." म्हणजे तीही नागरी संस्थाच. तिच्या नावाला कुठल्याही देशाची हरकत नव्हती.

"अरे वा, नर्सताई! तुम्ही पण?" त्याला खरंच आनंद झाला होता. परक्या गावात गल्लीतलं माणूस भेटल्यावर होतो तसा. "कॉफी घेतलीत का? इकडची घ्या, तिकडची पाणचट आहे." त्याने स्वतः मला कप भरून दिला. माझा पास वाचला आणि म्हणाला, "हो हो, साहेबांची बहीण ना तुम्ही. मी विसरलोच होतो. मग काय, आपण घरचेच."

मी ती कॉफी प्यायले. आणि खरं सांगते, चांगली होती.

गॅलरीत आईची सूनबाई माझ्या शेजारी बसली होती. मनाने लाघवी पोर आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषांतर ऐकायला कानाला लावायचं यंत्र कसं फिरवायचं ते तिने दाखवलं, माझी शाल नीट केली. खाली तू तुझ्या जागेवर होतास, पुढ्यात देशाची पाटी. दुसऱ्या कुणाचं तरी भाषण चाललं होतं. तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आलात ना, फार बरं झालं. ह्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या हरकतीवर सही केली तेव्हा दोन दिवस धड जेवले नव्हते हो."

मी म्हटलं, "कुठल्या हरकतीवर?"

तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. "तुम्हाला सांगितलंच असेल ना त्यांनी," म्हणाली. मग म्हणाली, "वरून आलं होतं, ताई. ते तरी काय करणार?" मग पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. तो तिला सापडेचना.

तिला बोल लावू नकोस. ती तुझी कीवच करत होती.

धाकट्या, मला त्या क्षणी राग आला नाही. राग नंतर आला, अजून येतो आहे. त्या क्षणी मला फक्त तुझा लहानपणचा चेहरा दिसला. तुझं पोट सारखं दुखायचं. रंग पांढराफटक पडायचा, शाळेत पहिला येणारा मुलगा पाढे विसरायला लागला होता. आईने तुला उचलून मावशीकडे ठेवलं, दूर, डोंगराकडच्या गावी. वर्षाच्या आत तू टुणटुणीत झालास. सगळे म्हणाले, मावशीच्या हाताला यश आहे, हवापालट मानवला. खरं कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुलाही ठाऊक आहे, मलाही. मी गल्लीतच राहिले, कारण दोघांना ठेवून घेण्याइतकी मावशीची जागा नव्हती. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आपल्यातला एक तरी सुटला, असंच वाटायचं. मी तर लोकांना सांगायची, तो सुटला म्हणूनच आपल्याला सोडवील.

मग तुझं नाव पुकारलं.

तू छान बोललास. आवाज स्वच्छ, शब्द मोजके. पर्यावरण, रोजगार, समतोल. आणि मग ते वाक्य. माझ्या कानात ते आपल्याच भाषेत आलं, दुभाष्याची गरजच नव्हती. "आमच्या देशात भट्ट्यांच्या परिसरातील रहिवाशांशी सतत संवाद चालू आहे. बाधित रहिवाशांच्या एकाही संघटनेची या परिषदेत नोंद नाही, यावरूनच परिस्थिती किती समाधानकारक आहे हे दिसून येतं."

या वाक्यातला नोंदीचा भाग खरा होता. कुणी कोर्टात उभं केलं तरी तू सुटशील. आधी नाव खोडायचं, आणि मग मोकळी जागा दाखवून म्हणायचं, बघा, कुणाची तक्रारच नाही. कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं. खाऊन वर शेत पिकलंच नव्हतं म्हणणारं कुंपण पहिल्यांदा पाहिलं.

मी उभी राहिले. ठरवून नाही. सूनबाईने माझ्या पिशवीचा पट्टा धरला होता, तो सुटला. मी एवढंच म्हणाले, "नोंद होती. तुम्हीच काढलीत." तू नाही म्हणाले, तुम्ही म्हणाले. त्या जागी तू कसं म्हणणार?

माझा आवाज फार मोठा नव्हता. दुभाष्यांनी त्याचं कशातच भाषांतर केलं नाही. गॅलरीतलं बोलणं बोलणं नसतं म्हणे. माना वर झाल्या. अध्यक्षीणबाई मंद हसत म्हणाल्या, "गॅलरीतल्या पाहुण्यांना विनंती आहे, त्यांनी शांतता राखावी." रखवालदार आला. तोही नम्र. "मॅडम, या बाजूने." त्या इमारतीत कुणीच उद्धट नव्हतं रे. सगळं अगदी हळुवार हातांनी होत होतं.

जाताना मी खाली पाहिलं. भट्टीचा मालक मान वळवून बघत होता, त्याला माझी काळजी वाटली असावी. तू पाहिलं नाहीस. तू पाण्याचा घोट घेतलास आणि त्याच वाक्याच्या पुढून सुरू केलंस.

संध्याकाळी तू खोलीवर आलास. शिंपीणबाई समजून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. आपण काय बोललो ते तू विसरला असशील तर लिहिते, कारण मी विसरलेले नाही.

तू म्हणालास, "ताई, तू मला सगळ्या जगासमोर खाली पाहायला लावलंस."

मी म्हटलं, "तू खाली कुठे पाहिलंस? समोर पाहून बोलत होतास."

"ती हरकत माझी नव्हती. खात्याची होती. मी नसती केली तर दुसऱ्याने केली असती."

"मग दुसऱ्याला करू द्यायची होतीस."

"आणि माझी नोकरी?"

नोकरी मलाही कळते, मी टेबलावरचा बिस्किटांचा पुडा बाजूला सारला. मग तू म्हणालास, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं, "अगं, पण तुला मी आत आणलं ना! माझ्याकडून जेवढं होतं तेवढं केलं."

आणलंस. मी म्हटलं, "बहीण म्हणून आणलंस. बहीण मी तुझी घरातही आहे, त्याला पास लागत नाही. तिथे मला बसायचं होतं ते गल्लीकडून. ती खुर्ची तू काढून घेतलीस आणि वर मला मांडीवर बसवलंस."

तू घड्याळ पाहिलंस. पाहुण्या देशांची मेजवानी होती तुला. दाराशी शिंपीणबाईंना नमस्कार करून गेलास.

त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं ताई? आपले साहेब बोलले का आपलं?" दिवसभर उन्हात उभ्या होत्या, चेहरा लाल झाला होता. पत्रकं बरीचशी उरली होती. गाड्या आतल्या फाटकातून जात होत्या, कठड्यापाशी कुणी थांबतच नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हरकत कुणाची ते सांगितलं, सही कुणाची तेही. त्या पलंगावर बसल्या. बराच वेळ पायातल्या सपाता काढल्याच नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्यांनी माझी पिशवी उचलली होती हो." परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर बघत बसल्या.  आपलेच दात आपलेच ओठ, काय बोलणार?

आता जे लिहायचं राहिलं आहे ते आईला माहीत नाही, आणि तिला सांगायचंही नाही.

परत आल्यावर सभा झाली. मी सगळ्यांसमोर जसं घडलं तसं सांगितलं. मला वाटलं होतं लोक चिडतील, तुझ्यावर. कुणी चिडलं नाही. बसचालक भाऊंनी विचारलं, "ताई, मग तुम्ही आत कशा गेलात?"

"भावाच्या पासवर."

"म्हणजे समितीचं नाव काढलं आणि तुमचं घातलं."

"तसं नाही, भाऊ."

"तसं नाही म्हणता, मग कसं ते सांगा."

 इतकी वर्षं ज्या पोरांच्या दंडात सुई घालताना त्यांच्या आयांनी डोळे मिटून माझ्यावर विश्वास टाकला, त्या आया माझ्याकडे बघत होत्या. एकीने विचारलं, अर्जात काय लिहायचं ते साहेबच सांगत होते ना? मग आपला सगळा बेत त्यांना आधीच ठाऊक होता. दुसरी कुणी म्हणाली, नर्सताईंना मालकाने कॉफी दिली म्हणे. ते मीच सांगितलं होतं. काही लपवायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. मी शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या बाजूने काही बोलतील असं वाटलं. त्यांनीच तर मला जा म्हटलं होतं. त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पोरांचं रक्त तपासायचं काम करता, ते करत राहा. तुमच्यासारखा हलका हात कुणाचा नाही. पण सह्यांचं आता मी बघते."

त्यावर सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

म्हणून आता मी समितीची अध्यक्ष नाही. सभेला जाते, मागे बसते. मी आले की बोलणं जरा थांबतं, मग दुसरं काहीतरी सुरू होतं. आंधळी नाही मी, कळतं. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि हात वर करायला एवढा वेळही लावला नसता.

तुला वाटत असेल ताई रागावली का. आईमार्फत विचारलंस, म्हणून उत्तर देते. तू नोकरी सांभाळलीस याचा राग नाही. खात्याने सांगितलं तसं तू केलंस, याचाही एक वेळ गिळून टाकीन. पण तू मला त्या पासवर आत नेलंस ना, माझ्या समाधानासाठी नाही नेलंस. स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून नेलंस. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून माझ्या गळ्यात ती निळी फीत घातलीस. तुझं ओझं उतरलं, सूनबाईनेच सांगितलं. पण त्यापायी माझी गल्ली माझ्या हातून गेली. माझ्याकडे दुसरं काय होतं रे?

आई म्हणते तू सुट्टीत येणार आहेस. ये. ती वाट बघते आहे, आता तर तुझा चेहरा तिला नीट दिसेल. तुझ्यासाठी पुढची खोली झाडून ठेवली आहे. तू येशील ते दिवस मी डॉक्टरीणबाईंकडून दवाखान्यातली मुक्कामाची ड्युटी मागून घेतली आहे. आईला सांगितलंय की माणसं कमी आहेत. तूही तेच सांग. तुझ्या तोंडी ते शोभून दिसेल.

आणखी एक. पुढच्या परिषदेसाठी समितीने पुन्हा अर्ज केला आहे. उद्देशात या वेळी आरोग्य लिहिलेलं नाही, भट्टी बंद करा असंच लिहिलं आहे. सही शिंपीणबाईंची आहे. त्या भाषण पुन्हा पाठ करत आहेत. मशीनचा आवाज आणि त्यांचा आवाज दवाखान्यापर्यंत येतो. तो अर्ज फिरत फिरत तुझ्याच टेबलावर येईल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुला त्यात काही कर असं सांगत नाही. भीड घालत नाही. बहिणीचा शब्द वगैरे मध्ये आणत नाही, ते सगळं आपण दोघांनी वापरून संपवलं.

फक्त एवढंच: हरकत घ्यायची झालीच, तर या खेपेला तुझं नाव लावून घे.

सूनबाईला माझे मनापासून आशीर्वाद सांग. तुला आशीर्वाद पत्राच्या सुरुवातीला लिहिलेच आहेत. तेव्हा सवयीने हात चालला होता. खोडत नाही.

तुझी सख्खी बहीण,
समितीची एक साधी सभासद